भिकुबाईच्या गाठोड्याची घंटी

दुकानात चोरघंट्या ठेवायला लागलो, ती माझी दुर्बुद्धी. धुळ्यात आग्रा रोडवर माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान. पंखे, इस्त्र्या, मोटरी यांवर बरं चाललं होतं. पण सत्त्याण्णव साली उन्हाळ्याच्या तोंडी देवपुरातल्या नव्या कॉलन्यांमध्ये घरफोड्या झाल्या, आणि मुंबईचा एक गोडबोल्या एजंट येऊन दोन प्रकारची यंत्रं माझ्या गळ्यात मारून गेला. एक वायरचं, एक बिनवायरचं. तेव्हापासून माझ्या डोक्याला जो ताप लागला तो लागलाच. लोक यायचे, पंख्याखाली बसायचे, पाणी मागायचे, "रतिलालशेठ, यातलं चांगलं कोणतं?" असं विचारायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि एक शून्य नंबरचा बल्ब घेऊन निघून जायचे.

तेच तेच सांगून माझी जीभ झिजली होती. वायरचं यंत्र म्हणजे दावणीला बांधलेला बैल. दाराच्या फळीला लोहचुंबक, चौकटीला दुसरा तुकडा, तिथून भिंतीवर पट्टी मारून वायर न्यायची ती थेट घंटेपर्यंत. दार उघडलं की घंटा वाजलीच, पण यंत्र जागचं हलणार नाही. बिनवायरचं म्हणजे मोकळं जनावर. दारावरचा तुकडा हवेतून निरोप धाडतो आणि साबणाच्या वडीएवढी डबी वाजते. ती खिशात घालून फिरा. मात्र त्याला सेलचा दाणा घालत राहावा लागतो, आणि शंभरेक पावलांच्या पुढे गेलात की डबी मुकी.

अशाच एका रणरणत्या दुपारी उखर्डू आबा आला. धोतर, मळकी टोपी, आणि डोळे असे लाल की मला आधी वाटलं, पिऊन आलाय. मी त्याला ओळखत होतो. एका जिनिंग मिलवर त्याने जन्मभर राखणदारी केली होती. मिल बंद पडली तसा तो देवपुरात, नगावबारीच्या अलीकडे, दोन खोल्यांच्या घरात जाऊन राहिला. त्याच्या आधीच्या भावंडांपैकी एकही जगलं नव्हतं, म्हणून आईने त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं उखर्डू. म्हणजे यमाला वाटावं, हा केरकचरा आहे, याला कशाला न्या. बायको मिळाली तीही भिकुबाई, म्हणजे भीक मागून घेतलेली. दोघांचीही नावं अशी की कुणाला चोरावंसं वाटू नये.

"शेठ," तो म्हणाला, "चोर उना म्हंजे वाजस ती घंटी शे का तुमनाकडे?"

मला हसू आलं. "आबा, तुमच्याकडे काय आहे हो चोरायला?"

"काहीच नही. चोर उना तर त्यालेच चहा पाजना पडी," तो म्हणाला. पण हसला नाही. "तरी बी पाहिजे. वायरनी चांगली का बिनवायरनी?"

मी पुन्हा ती दावण आणि ते जनावर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घंटी मोठी वाजस कोनती?" मी म्हटलं, वायरची. मिलच्या भोंग्यासारखी. झोपलेला माणूस ताडकन उठेल. "तीच दे," म्हणाला. पाच मिनिटांत खरेदी. असं गिऱ्हाईक मी त्या उन्हाळ्यात दुसरं पाहिलं नाही, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शंका आली ती तोतारामला. तोताराम माझा फिटिंग करणारा. संध्याकाळी घाम पुसत दुकानात आला आणि म्हणाला, "शेठ, त्या आबाचं काहीतरी वेगळंच आहे. मी कडीपाशी उभं राहून दाखवत होतो, बाहेरून कोणी ढकललं तर असं वाजेल. तर म्हणे, 'बाहेरथीन कोनी यी त्यानं भ्याव नही. मझारथीन कोनी गयं ते माले समजाले जोयजे.' आतून कोण जाणार आहे त्याच्याकडे? म्हातारी आणि तो, दोनच तर माणसं."

मी म्हटलं, तुला काय करायचंय. पण आमच्या धुळ्यात गोष्ट लपते थोडीच. आठवड्याभरात देवपुरात कुजबुज सुरू झाली की आबाने मिलमधून सोनं आणून घरात पुरलंय, नाहीतर राखणदाराला राखणदार कशाला लागतो? लोकांच्या अकलेची मला कीव आली. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तोच किडा वळवळून गेला होता.

पंधरा दिवसांत आबा ते यंत्र उपटून, वायरीचं भेंडोळं करून, पिशवीत घालून परत घेऊन आला. माझ्या गल्ल्याच्या वरच पाटी आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी पाटीकडे बोट दाखवलं. त्याने पाटीकडे पाहिलंही नाही. बाकावर बसला आणि बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटले. भर बाजारात, ट्रक-रिक्षांच्या गोंगाटात, तोंड उघडं टाकून झोपला. मी त्याला हलवलं तेव्हा दचकून उठला आणि पहिला शब्द बोलला तो, "गई का?"

मग ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यालाही जमेना. सगळं बाहेर आलं.

भिकुबाईला विसर पडायला लागला होता. आधी चुलीवरचं दूध, मग शेजारणींची नावं, मग सुरतेला लूमवर असलेल्या मुलाचं तोंड. राहिलं ते एकच, सोनगीरचं माहेर. तिच्या डोक्यात कायम आखाजी चालू असायची. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खानदेशात सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके खेळतात, आणि त्यांना न्यायला जो भाऊ येतो तो मुराळी. तिचा भाऊ भटू दरसाल गाडी जुंपून यायचा. तो मरून कैक वर्षं झाली. पण ती लुगड्याचं गाठोडं काखेत मारायची आणि "भटू येऊन राह्यना" म्हणत घराबाहेर पडायची. देवपुरातून सोनगीरला जायचं म्हणजे मुंबई-आग्र्याचा हमरस्ता. ट्रक असे धावतात की धडधाकट माणसालाही रस्ता ओलांडताना देव आठवतो. एकदा ती नगावबारीच्या पुढे रस्त्याच्या मधोमध चालताना सापडली. एका एसटी ड्रायव्हरने गाडी आडवी घालून तिला वाचवलं.

"मी उंबरावर आडवा झोपे," आबा म्हणाला. नवऱ्याला ओलांडून जाऊ नये, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. माणसं विसरली, पण हे ती विसरली नव्हती. निघाली की त्याच्या उशाशी उभी राहायची आणि हाक मारायची, "उठा हो, माले माहेरले जावानं शे." तो उठायचा, समजूत घालायचा, निजवायचा. रात्रीत चारदा, पाचदा. "मंग एक रोज उठनू ते ती नही. माले वलांडीसन गई." हे सांगताना त्याचा आवाज इतका बसला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. त्याच दिवशी तो माझ्याकडे घंटी घ्यायला आला होता.

"मग कुलूप लावा की आबा," मी म्हणालो. मी वाईट हेतूने नाही म्हणालो.

"बठ्ठा तेच म्हनतस. सुरतना आंडोर बी तेच म्हनस," तो म्हणाला. "एकडाव लायं. रेशन लेवाले गऊ व्हतू. उनू ते दार ठोकी ठोकी तिना हात फुटेल. माले दखीसन म्हने, चोरेसनी माले कोंडं." त्याने पिशवीतून डोकावणारी वायर आत दाबली. "सारी जिंदगी लोकेसना कापूसले कुलूप लायं शेठ. बायकोले लावाले मना हात उठत नही."

कुलपाचा विषय मी सोडला. मग विचारलं, वायरच्या यंत्राचं काय बिनसलं?

बिनसलं असं, की घंटी फार चांगली वाजली. भिकुबाईही एके काळी त्याच मिलमध्ये कापूस निवडायला होती. तिथे घंटा वाजायची ती आग लागल्यावर. तिने दार उघडलं, डोक्यावर घंटा कडाडली, आणि म्हातारी "आग लागनी, पया, पया!" म्हणून जी सुटली, ती थेट गल्लीच्या टोकाला. त्यातही बापडीने धरायला धावलेल्या आबाचा हात सोडला नव्हता. त्यालाही फरफटत नेलं. वर शेजारीपाजारी काठ्या घेऊन धावले. हे रोज दोनतीनदा. भीक नको पण कुत्रं आवर, अशी आबाची गत झाली. घंटी त्याला उठवत होती, पण तिला पळवत होती.

"तिले आयकू येवाले नको, माले येवाले पाहिजे. असं काही शे का?"

होतं. मी बिनवायरचं काढलं. पाटी माझीच, मोडलीही मीच. वायरचं परत ठेवून घेतलं, बिनवायरचं दिलं, आणि डबीचा आवाज कमी करायचं बटण त्याला दाखवलं. त्याने डबी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि दोनदा चाचपून पाहिली.

आता सुटला एकदाचा, असं मला वाटलं. पण मी मुंबईच्या एजंटाचं ऐकणारा माणूस आणि तो एजंट मुंबईत दारं बंद करून झोपणारा. चैत्र सरला, ऊन भट्टीला लागलं, आणि दरवर्षीसारखं सगळं देवपूर अंगणात खाटा टाकून झोपायला लागलं. आमच्याकडे वैशाखात घराचं दार लावून आत झोपला तर माणूस सकाळी उकडलेलाच सापडायचा. घरं सताड उघडी आणि माणसं अंगणात. मग दाराची घंटी काय कामाची? मी दुकानभर चोरघंट्या मांडून बसलो होतो, आणि या गावात भर उन्हाळ्यात रात्री दार लावतच नाहीत, हे माझ्यासारख्या इथेच जन्मलेल्या गाढवाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्यांनी ज्यांनी यंत्रं नेली ते सगळे त्या महिन्यात भांडायला आले.

एकटा आबा आला नाही. म्हणून काळजी वाटून एका रविवारी मीच त्याच्याकडे गेलो. अंगणात कडुनिंबाखाली खाट होती आणि खाटेवर आबा घोरत होता. पलीकडे भिकुबाई धान्य निवडत होती, म्हणजे सूप नुसतं मागेपुढे करत होती. माझी चाहूल लागताच आबाने आधी खिशावर हात ठेवला, मग डोळे उघडले.

"दारावरनं काढी टाकं," तो म्हणाला आणि मला आत घेऊन गेला.

भिंतीच्या खुंटीला गाठोडं टांगलेलं होतं. यंत्राचा तुकडा त्याने खुंटीशेजारी भिंतीला ठोकला होता, आणि लोहचुंबक गाठोड्याच्या कापडात आतून शिवून टाकलं होतं. काळ्या दोऱ्याचे टाके, वेडेवाकडे, राखणदाराच्या हाताचे. भिकुबाई घरात वावरली, अंगणात बसली, दारात उभी राहिली, काही वाजत नव्हतं. पण माहेरी निघायचं म्हणजे गाठोडं हवंच. रिकाम्या हाताने माहेरी कोण जातं? तिने गाठोडं उचललं की आबाच्या खिशात डबी बारीक किणकिणायची. तो उठायचा, तिच्या हातातून गाठोडं हळूच घ्यायचा आणि म्हणायचा, "भटूना निरोप उना. गाडीना बैल थकेल शेतस. सकाय यी." ती मान हलवायची, आणि गाठोडं पुन्हा खुंटीवर जायचं.

त्या वर्षभरात आबाचे डोळे जरा निवळले. डबी पोचायची तिथपर्यंत, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत, त्याला मोकळीक मिळाली. तिथे पारावर चार म्हातारे बसायचे, त्यांच्यात जाऊन तो बसायला लागला. मध्येच खिशात वाजलं की "मना साहेबना फोन उना" म्हणून उठायचा. सेल घ्यायला महिन्याच्या महिन्याला दुकानात यायचा. दुकानात आला की मी विचारायचो, "झोप काय म्हणते आबा?" तो म्हणायचा, "झोप येस. चारदाव उठस, पन येस." मी मनातल्या मनात माझ्या पाठीवर थाप मारून घ्यायचो. बाकी सगळी यंत्रं माझ्या माथी परत आली होती. एक तरी कामाला लागलं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात, राखी पौर्णिमा होऊन गेल्यावर, आबा पुन्हा पिशवी घेऊन आला. डबी, भिंतीचा तुकडा आणि टाके उसवून काढलेलं लोहचुंबक त्याने माझ्यापुढे मांडलं. डोळे पहिल्यासारखेच लाल.

"वाजत नही शेठ. बिघडी गयं."

मी सेल पाहिले. चांगले होते. तरी नवे घातले. चुंबक तुकड्याजवळ धरलं, डबी गप्प. बाजूला नेलं, डबी वाजली. पुन्हा जवळ, पुन्हा बाजूला. दहा वेळा केलं. तोतारामला डबी घेऊन रस्त्यापलीकडे उभं केलं, तिथेही वाजली.

"यंत्र ठीक आहे, आबा."

"मंग घर काब्र वाजत नही?"

काय ते माझ्या लक्षात आलं होतं. त्याच्याही आलं असावं. पण यंत्र बिघडलंय असं मी म्हणावं, दुरुस्तीला मुंबईला धाडतो म्हणावं, अशा आशेने तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मला ते बघवेना. मी म्हटलं, चला, घरी येऊन बघतो, भिंतीत ओल आली असेल. तसं काही नसतं, तरी मी म्हटलं.

गेलो. पावसाची उघडीप होती. भिकुबाई उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. सूपही नव्हतं, हात नुसते मांडीवर. आबाने चुंबक गाठोड्यात सरकवलं, मी तुकडा भिंतीला पक्का केला, गाठोडं खुंटीवर टांगलं. सगळं जागच्या जागी.

"राखी गई," आबा म्हणाला, "तिनी भटूनं नाव बी नही काढं. सोनगीर म्हनं ते माले इचारस, ते काय शे."

मला काहीतरी बरं बोलायचं होतं. माणसाला वाटतं, बोलून काही हलकं होईल. मी म्हटलं, "एका अर्थी बरंच झालं, आबा. आता हमरस्त्याचा घोर नाही. निवांत झोपा."

त्याने खिशातली मुकी डबी चाचपली. मग म्हणाला, "झोप लागत नही. वाजे तवय लागे. वाजनं का समजे, ती आठे शे, घरमा शे."

मला माझी जीभ चावावीशी वाटली. मी पाना-पक्कड पिशवीत भरायला लागलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात डबी वाजली. मी चमकून पाहिलं. गाठोडं आबाने स्वतःच खुंटीवरून काढलं होतं. खिशात किणकिण चालू ठेवून तो भिकुबाईसमोर जाऊन उकिडवा बसला.

"चाल वं माहेरले. मूळ लेवाले उनू."

तिने त्याच्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे पाहावं तसं, जरा सावरून, पदर नीट करून. "तू कोन शे रे भाऊ?"

आबाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाला, "भटू. मुराळी उनू ना तुले लेवाले."

तिला भटू आठवला की नाही, मला सांगता येणार नाही. चेहऱ्यावर काही हललं नाही. पण त्याने हात पुढे केला होता, तो तिने धरला आणि उठली. आबाने गाठोडं काखेत मारलं. उंबरा ओलांडताना तिला आधार दिला, आणि दोघं हळूहळू, चिखल चुकवत, गल्लीतून आग्रा रोडच्या दिशेने निघाली. आबाने डबीचं बटण दाबलं नाही. ती त्याच्या खिशात वाजतच होती. गल्लीच्या टोकाला, पाराशी, ती बंद पडली. तिची पोच तिथवरच होती.

नगावबारीपर्यंत नेईन आणि वळवून आणीन, एवढंच तो जाताना मला म्हणाला होता. घर सताड उघडं होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि ती दोघं परत येईपर्यंत उंबऱ्यावर राखणीला बसून राहिलो.